पॉल गोगँ

यूजेन आँरी पॉल गोगँ (७ जून १८४८, पॅरिस – ८ मे १९०३, आतुओना, मार्केसास द्वीपसमूह) हा फ्रेंच चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकार आणि मृत्तिकाशिल्पकार होता. उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांमध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि पॉल सेझान यांच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जाते. आयुष्याची अखेरची सुमारे दहा वर्षे त्याने दक्षिण पॅसिफिक महासागरातील ताहिती आणि हिवा ओआ या बेटांवर काढली. या दूरस्थ बेटांवर निर्माण झालेली त्याची चित्रे प्रदर्शित झाली आणि विकली गेली ती मात्र हजारो किलोमीटर अंतरावरील युरोपात. बेटावरचे एकाकी जीवन आणि पॅरिसच्या कलाबाजारावरचे संपूर्ण अवलंबन या दोन टोकांमधील ताण त्याच्या उत्तरायुष्याच्या मुळाशी होता.

प्रारंभिक जीवन

गोगँचे वडील क्लोव्हिस हे प्रजासत्ताकवादी विचारांचे पत्रकार होते. आई आलीन ही समाजवादी लेखिका व स्त्रीहक्कांची पुरस्कर्ती फ्लोरा त्रिस्तां हिची कन्या होती. फ्रान्समधील राजकीय उलथापालथीनंतर १८४९ साली हे कुटुंब पेरूला जाण्यास निघाले. वाटेतच क्लोव्हिस यांचा मृत्यू झाला. आई आणि दोन मुले लिमा येथे आईच्या सधन नातेवाइकांकडे राहिली. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास पॉल फ्रान्सला परतला आणि त्याचे शिक्षण मुख्यतः ऑर्लेआँ येथे झाले. बालपणीच्या या वास्तव्याचा आधार घेऊन पुढे तो स्वतःला पेरूच्या आदिम रक्ताचा वारस म्हणवून घेत असे. वस्तुतः त्याचे पेरूतील नातलग स्पॅनिश वंशाचे उच्चभ्रू होते.

१८६५ साली तो व्यापारी जहाजावर उमेदवार म्हणून रुजू झाला. १८६८ ते १८७१ या काळात त्याने फ्रेंच नौदलात नोकरी केली. तो समुद्रावर असतानाच १८६७ साली आईचे निधन झाले होते. त्याचे पालकत्व गुस्ताव्ह आरोझा या धनिक कलासंग्राहकाकडे आले. आरोझाच्या शिफारशीने १८७२ साली गोगँला पॅरिसमधील एका शेअर दलालाच्या पेढीत नोकरी मिळाली. १८७३ साली त्याने मेट सोफी गाड या डॅनिश तरुणीशी विवाह केला. त्यांना पाच अपत्ये झाली.

शेअर बाजार ते चित्रकला

गोगँने कोणत्याही कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले नाही. नोकरी सांभाळून तो सुटीच्या दिवशी चित्रे काढत असे आणि मिळकतीतून दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांची चित्रे विकत घेत असे. १८७६ साली त्याचे एक निसर्गचित्र पॅरिसच्या अधिकृत वार्षिक प्रदर्शनात स्वीकारले गेले. कामीय पिसारो या ज्येष्ठ चित्रकाराने त्याला मार्गदर्शन केले. १८७९ पासून १८८६ पर्यंत भरलेल्या दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या सर्व प्रदर्शनांत गोगँच्या कलाकृती होत्या.

१८८२ साली पॅरिसचा शेअर बाजार कोसळला. पुढच्याच वर्षी गोगँने दलालीचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ चित्रकार होण्याचा निर्णय घेतला. त्याची आर्थिक किंमत कुटुंबाला मोजावी लागली. राहणीमान परवडेना म्हणून ते प्रथम रूआँ आणि नंतर मेटच्या माहेरी कोपनहेगनला गेले. तेथे गोगँने एका फ्रेंच कंपनीच्या ताडपत्रीचा विक्रेता म्हणून काम पाहिले, परंतु त्यात त्याला यश आले नाही. १८८५ साली तो मुलगा क्लोव्हिस याला घेऊन पॅरिसला परतला. मेटने कोपनहेगनमध्ये राहून फ्रेंच भाषेच्या शिकवण्या व भाषांतराची कामे करत उरलेल्या मुलांना वाढवले. त्यानंतर पतिपत्नी कधीही कायमचे एकत्र राहिले नाहीत.

ब्रिटनी, मार्टिनिक आणि आर्ल

१८८६ साली गोगँ फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांतातील पाँ-ताव्हाँ या गावी गेला. तेथे राहणे स्वस्त होते आणि चित्रकारांची वस्तीही होती. १८८७ साली तो शार्ल लाव्हाल या मित्रासह पनामाला गेला. तेथील कालव्याच्या बांधकामावर काही दिवस मजुरी केल्यानंतर दोघे कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर पोहोचले. आजारपणामुळे हा मुक्काम काही महिन्यांतच आटोपता घ्यावा लागला. मात्र बेटावर राहून चित्रे करायची आणि ती पॅरिसमध्ये विकायची, हा पुढील आयुष्याचा क्रम येथे प्रथम आकाराला आला.

१८८८ साली पाँ-ताव्हाँ येथे एमील बेर्नार या तरुण चित्रकाराच्या सहवासात गोगँची शैली बदलली. मीनाकामात धातूच्या तारेने रंगांचे कप्पे वेगळे केले जातात, त्याप्रमाणे गडद बाह्यरेषांनी वेढलेले सपाट रंगक्षेत्र हे या शैलीचे वैशिष्ट्य होते. ‘प्रवचनानंतरचे दर्शन’ या चित्रात चर्चमधून बाहेर पडलेल्या ब्रेटन स्त्रियांच्या मनःचक्षूंसमोर याकोब आणि देवदूत यांची कुस्ती दिसते. जमीन हिरवी न रंगवता तांबडीभडक रंगवली आहे. गोगँने हे चित्र जवळच्या गावातील चर्चला देऊ केले, पण तेथील धर्मगुरूने ते नाकारले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे व्हिन्सेंट व्हॅन गॉगकडे राहण्यास गेला. व्हिन्सेंटचा भाऊ थिओ हा कलाविक्रेता होता आणि तो गोगँची चित्रे विकत असे. दोघा चित्रकारांचे सहजीवन सुमारे नऊ आठवडे टिकले. २३ डिसेंबर १८८८ रोजी व्हिन्सेंटने स्वतःचा कान कापून घेतला आणि गोगँ पॅरिसला परतला.

१८८९ साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले. अधिकृत कलादालनात स्थान न मिळाल्यामुळे गोगँ आणि त्याच्या मित्रांनी प्रदर्शनाच्या आवारातील एका उपाहारगृहाच्या भिंतींवर आपली चित्रे मांडली. तेथे विक्री झाली नाही, पण तरुण चित्रकारांवर या मांडणीचा परिणाम झाला. याच जागतिक प्रदर्शनात फ्रान्सच्या व अन्य युरोपीय वसाहतींची दालने आणि जावा बेटावरील खेड्याची प्रतिकृती उभारली होती. ते पाहून गोगँच्या मनात दूरदेशी जाण्याची ओढ बळावली.

ताहितीतील पहिले वास्तव्य (१८९१–१८९३)

प्रवासखर्च उभारण्यासाठी गोगँने २३ फेब्रुवारी १८९१ रोजी पॅरिसमध्ये आपल्या चित्रांचा लिलाव केला. त्यातून नऊ हजारांहून अधिक फ्रँक जमले. सरकारने त्याला कलाविषयक कामगिरीवर जाणारा चित्रकार म्हणून बिनपगारी मान्यता व प्रवासभाड्यात सवलत दिली. १ एप्रिल रोजी तो मार्सेय बंदरातून निघाला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताहितीची राजधानी पापीती येथे उतरला.

त्याच्या आगमनानंतर काही दिवसांतच ताहितीचा अखेरचा राजा पोमारे पाचवा याचे निधन झाले. ताहिती १८८० सालीच फ्रान्सची वसाहत झाली होती. मिशनऱ्यांनी जुने धर्मविधी व देवमूर्ती नाहीशा केल्या होत्या. स्त्रिया मिशनऱ्यांनी रूढ केलेले लांब झगे वापरत होत्या. पापीती हे अधिकारी, व्यापारी आणि दुकानांचे गाव होते. गोगँने कल्पिलेले आदिम बेट तेथे अस्तित्वातच नव्हते. त्याच्या शोधात तो सुमारे ४५ किलोमीटर दूर असलेल्या मातायेआ येथे झोपडी घेऊन राहिला. चित्रांत दिसणारे प्राचीन देव आणि विधी त्याने बव्हंशी फ्रेंच प्रवाशांच्या ग्रंथांतून व स्वतःच्या कल्पनेतून घेतले.

या दोन वर्षांत त्याने विपुल काम केले. ‘इया ओराना मारिया’ (१८९१) या चित्रात मेरी आणि बाल येशू ताहितीच्या लोकांच्या रूपात आहेत. हात जोडून उभ्या असलेल्या दोन स्त्रियांच्या आकृती त्याने जावामधील बोरोबुदुर स्तूपावरील शिल्पपटांच्या छायाचित्रांवरून घेतल्या होत्या. तेहामाना ही सुमारे तेरा वर्षांची मुलगी त्याच्यासोबत पत्नी म्हणून राहत होती. ‘मानाओ तुपापाऊ’ (१८९२) या चित्रात अंधाराच्या व भुताच्या भीतीने पालथी पडलेली मुलगी तीच होय.

कॅनव्हास आणि रंग फ्रान्सहून जहाजाने यावे लागत. पत्र पाठवून उत्तर येईपर्यंत काही महिने जात. पैसे संपले की गोगँ रंगाचे थर पातळ देई आणि मिळेल ते जाडेभरडे कापड वापरी. पूर्ण झालेली चित्रे गुंडाळून परतणाऱ्या प्रवाशांबरोबर किंवा टपालजहाजाने युरोपात पाठवली जात. मार्च १८९३ मध्ये कोपनहेगन येथे भरलेल्या प्रदर्शनात त्याच्या सुमारे पन्नास कलाकृती मांडल्या गेल्या. त्यात ताहितीहून पाठवलेली काही चित्रेही होती. विभक्त राहत असूनही मेटने या प्रदर्शनाच्या कामात पुढाकार घेतला आणि चित्रांची विक्री केली.

१८९३ चे पॅरिसमधील प्रदर्शन

जून १८९३ मध्ये सरकारी खर्चाने परतीचा प्रवास सुरू करून गोगँ ३० ऑगस्ट रोजी मार्सेयला पोहोचला. त्या वेळी त्याच्या खिशात अवघे चार फ्रँक होते. काही दिवसांतच चुलत्याच्या वारसाहक्कातून त्याला सुमारे १३,००० फ्रँक मिळणार असल्याचे समजले.

नोव्हेंबर १८९३ मध्ये पोल द्युराँ-र्‍युएल यांच्या कलादालनात त्याचे एकल प्रदर्शन भरले. त्यात ताहितीतील ४१ आणि ब्रिटनीतील ३ चित्रे, तसेच काही काष्ठशिल्पे होती. चौकटींपासून सूचिपत्रापर्यंतचा खर्च गोगँने स्वतः केला. चित्रांना ताहिती भाषेतील शीर्षके होती. ती शीर्षके प्रेक्षकांना समजत नव्हती, आणि ताहितीची भाषा गोगँलाही मोडकीतोडकीच येत होती. किमती चढ्या होत्या. एडगर दगा याच्यासारख्या ज्येष्ठ चित्रकाराने चित्रे विकत घेतली, तरी एकूण ११ चित्रांचीच विक्री झाली. वृत्तपत्रांतील प्रतिक्रिया संमिश्र होत्या.

चित्रांचा अर्थ उलगडावा या हेतूने गोगँने कवी शार्ल मोरीस याच्या साहाय्याने ‘नोआ नोआ’ हे प्रवासकथन लिहिण्यास घेतले व त्यासाठी दहा काष्ठमुद्रिते कोरली. या पुस्तकात अनुभव, ऐकीव माहिती आणि कल्पित प्रसंग यांची सरमिसळ असल्याने ते विश्वसनीय आत्मचरित्र मानले जात नाही. १८९४ साली ब्रिटनीमध्ये खलाशांशी झालेल्या मारामारीत त्याचा घोटा मोडला. ही दुखापत त्याला जन्मभर जाचत राहिली. फेब्रुवारी १८९५ मधील लिलावात बरीचशी चित्रे त्याला स्वतःलाच परत घ्यावी लागली. त्याच वर्षी तो पुन्हा ताहितीला निघाला. त्यानंतर तो युरोपात परतला नाही.

ताहितीतील दुसरे वास्तव्य (१८९५–१९०१)

प्रवासात ऑकलंड येथे थांबला असताना गोगँने तेथील संग्रहालयातील माओरी काष्ठशिल्पांची रेखाटने केली. ताहितीत त्याने पश्चिम किनाऱ्यावरील पुनाआउइया येथे घर बांधले. या काळात पाउउरा ही किशोरवयीन मुलगी त्याच्यासोबत राहत होती. पॅरिसमधील त्याचे व्यवहार चित्रकार जॉर्ज-दान्येल द माँफ्रेद हा मित्र सांभाळत असे. चित्रे उतरवून घेणे, ती ताणून चौकटीत बसवणे, ग्राहक शोधणे, पैसे आणि रंगसाहित्य पाठवणे ही सर्व कामे त्याच्याकडे होती. त्याच्या मदतीशिवाय ताहितीतील काम चालू राहणे कठीण होते.

१८९७ हे वर्ष गोगँला अत्यंत कठीण गेले. त्याची लाडकी मुलगी आलीन वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कोपनहेगनमध्ये न्यूमोनियाने मरण पावली. ही बातमी काही महिन्यांनी टपालाने त्याच्यापर्यंत आली. त्यानंतर मेटशी असलेला पत्रव्यवहारही थांबला. पायावरच्या जखमा भरत नव्हत्या, डोळ्यांचा विकार बळावला होता आणि कर्ज साचले होते. अशा अवस्थेत त्याने ‘आपण कोठून आलो? आपण कोण आहोत? आपण कोठे जात आहोत?’ हे आपले सर्वांत मोठे चित्र रंगवले. सुमारे १३९ सेंटिमीटर उंच आणि ३७५ सेंटिमीटर लांबीचे हे चित्र गोणपाटासारख्या भरड कापडावर आहे. ते उजवीकडून डावीकडे पाहत जायचे असते. उजवीकडे झोपलेले अर्भक, मध्यभागी फळ तोडणारी तरुण आकृती आणि डावीकडे मृत्यूच्या जवळ पोहोचलेली वृद्धा अशी त्याची रचना आहे. हे चित्र झाल्यावर आपण डोंगरात जाऊन आर्सेनिक घेतले, परंतु उलटी झाल्यामुळे वाचलो, असे गोगँने मित्राला कळवले होते. चित्र एका झपाट्यात, पूर्वतयारीविना केल्याचाही त्याचा दावा होता. मात्र त्याचे चौकटी आखलेले पूर्वरेखाटन उपलब्ध आहे.

हे चित्र पॅरिसला पाठवण्यात आले आणि १८९८ च्या अखेरीस आंब्र्वाझ व्होलार या कलाविक्रेत्याकडे प्रदर्शित झाले. त्याच वर्षी ताहितीत गोगँ पोटासाठी सार्वजनिक बांधकाम खात्यात सहा फ्रँक रोजावर आराखडे काढत होता. १९०० साली व्होलारशी करार झाला. गोगँने ठराविक संख्येने चित्रे पाठवायची आणि व्होलारने कॅनव्हास व रंगांसह दरमहा ३०० फ्रँक द्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. चित्रकार झाल्यानंतर प्रथमच त्याला काहीशी नियमित प्राप्ती होऊ लागली.

मार्केसास बेटे आणि मृत्यू

अधिक दूरचा आणि स्वस्त मुलूख हवा म्हणून सप्टेंबर १९०१ मध्ये गोगँ ताहितीच्या ईशान्येस सुमारे १,४०० किलोमीटरवर असलेल्या मार्केसास द्वीपसमूहातील हिवा ओआ बेटावर गेला. युरोपीय जहाजांतून आलेल्या रोगांमुळे तेथील लोकसंख्या काही हजारांवर आली होती. आतुओना गावातील जमीन कॅथलिक मिशनच्या मालकीची होती. ती मिळावी म्हणून गोगँ काही दिवस नेमाने प्रार्थनेला गेला. जमीन हाती येताच त्याने हे जाणे बंद केले. घराच्या दाराभोवती त्याने कोरीव लाकडी फळ्या बसवल्या. त्या आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. मिशनच्या शाळेतील सुमारे चौदा वर्षांची वाएओहो ही मुलगी त्याने घरी आणली. १९०२ साली तिला एक मुलगी झाली.

शाळेपासून चार किलोमीटरपलीकडे राहणाऱ्या मुलांना शाळेची सक्ती नाही, असे सांगून गोगँने पालकांना मुले घरी नेण्यास उद्युक्त केले. करांविरुद्धही त्याने रहिवाशांची बाजू घेतली. त्यामुळे धर्मगुरू आणि पोलीस या दोहोंशी त्याचे वैर झाले. पोलीस अधिकाऱ्यावर केलेल्या आरोपांबद्दल ३१ मार्च १९०३ रोजी त्याला तीन महिने कैद व ५०० फ्रँक दंड अशी शिक्षा ठोठावण्यात आली. शिक्षेविरुद्ध दाद मागण्याची तयारी चालू असतानाच ८ मे १९०३ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी त्याचे निधन झाले. आतुओना येथील टेकडीवरच्या कॅथलिक दफनभूमीत त्याचे थडगे आहे.

कर्जफेडीसाठी त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला. पापीती येथील लिलावात फ्रेंच नौदलातील डॉक्टर व लेखक व्हिक्तोर सेगालाँ याने काही कलाकृती नाममात्र किमतीत घेतल्या. त्यांत ब्रिटनीतील हिमाच्छादित खेड्याचे एक चित्र होते. लिलाव पुकारणाऱ्याने ते उलटे धरून नायगारा धबधबा म्हणून दाखवले होते.

टीका आणि पुनर्मूल्यांकन

ऐहिक संसार सोडून कलेसाठी बेटावर गेलेला विरागी कलावंत, ही गोगँची प्रतिमा विसाव्या शतकात रूढ झाली. सॉमरसेट मॉम यांची ‘द मून अँड सिक्सपेन्स’ (१९१९) ही कादंबरी त्याच्या जीवनावर बेतलेली आहे. नंतरच्या अभ्यासकांनी या प्रतिमेची कठोर छाननी केली. फ्रेंच वसाहतवादाने दिलेल्या अधिकाराचा उपभोग घेत गोगँने अल्पवयीन मुलींशी संबंध ठेवले, हा त्याच्यावरील मुख्य आक्षेप आहे. या मुलींचे स्वतःचे कथन उपलब्ध नाही आणि त्यांची ओळख मुख्यतः त्याच्या चित्रांतून व लेखनातूनच उरली आहे. बेटावरील प्रत्यक्ष जीवनाऐवजी युरोपीय ग्राहकाला हवासा वाटेल असा स्वर्ग त्याने रंगवला, असाही आक्षेप घेतला जातो. दुसरीकडे, अखेरच्या काळात त्याने वसाहती प्रशासनाशी दिलेला लढा आणि पॉलिनेशियन कलेबद्दलचा त्याचा आदर यांकडेही अभ्यासक लक्ष वेधतात.

प्रभाव आणि भारतीय संदर्भ

१९०६ साली पॅरिसच्या शरद प्रदर्शनात गोगँच्या दोनशेहून अधिक कलाकृती एकत्र मांडल्या गेल्या. पाब्लो पिकासो आणि आंरी मातीस यांच्या पिढीवर त्याच्या कामाचा ठळक प्रभाव पडला. वस्तूचा रंग जसाच्या तसा न उतरवता भावनेला अनुरूप रंग निवडण्याचे स्वातंत्र्य आधुनिक चित्रकलेला मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

भारतात हा प्रभाव विशेषतः अमृता शेरगिल हिच्या चित्रांत दिसतो. पॅरिसमध्ये शिकत असताना तिने गोगँची चित्रे अभ्यासली होती. १९३४ साली भारतात परतल्यावर तिने सपाट रंगक्षेत्रे आणि स्थिर, गंभीर मानवाकृती यांचा वापर भारतीय जीवनाच्या चित्रणासाठी केला. ‘तीन मुली’ या चित्राला १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. दरम्यान अजिंठ्याच्या भित्तिचित्रांनी तिच्या शैलीला नवे वळण दिले. अजिंठ्याच्या अनेक लेण्या वाकाटकांच्या वत्सगुल्म, म्हणजेच आजच्या वाशीम येथून राज्य करणाऱ्या शाखेतील राजा हरिषेण याच्या काळात घडल्या. गोगँने ज्या बोरोबुदुरच्या शिल्पपटांतून आकृती घेतल्या, त्यांचे नातेही भारतीय बौद्ध कलापरंपरेशी आहे. त्यामुळे शेरगिलने पॅरिसमधून आणलेला वारसा आणि अजिंठ्यात तिला भेटलेली परंपरा एकमेकींना पूर्णतः परक्या नव्हत्या.

निवडक कलाकृती

• प्रवचनानंतरचे दर्शन (१८८८) – स्कॉटिश राष्ट्रीय कलादालन, एडिंबरा
• पिवळा ख्रिस्त (१८८९) – बफेलो येथील कलासंग्रहालय, अमेरिका
• ताहितीच्या स्त्रिया (१८९१) – ओर्से संग्रहालय, पॅरिस
• इया ओराना मारिया (१८९१) – मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय, न्यूयॉर्क
• मानाओ तुपापाऊ (१८९२) – बफेलो येथील कलासंग्रहालय, अमेरिका
• ओव्हिरी (मृत्तिकाशिल्प, १८९४) – ओर्से संग्रहालय, पॅरिस
• आपण कोठून आलो? आपण कोण आहोत? आपण कोठे जात आहोत? (१८९७–९८) – ललित कला संग्रहालय, बोस्टन